दोनदा गाळलेलं पाणी

या ब्लॉगवर आजवर मी तुम्हाला कोकणात नेलं, स्पितीला नेलं, एकदा तर उसने बूट घालून बर्फातही नेलं. या वेळी चाकणला नेणार आहे. हसू नका. उन्हाळ्यात शहाणी माणसं थंड हवेच्या ठिकाणी जातात, मी मात्र थेरगावहून चाकणला गेले, आणि एकदा नाही, तीनदा गेले. तिकडे बघण्यासारखं काय आहे, असं विचाराल तर ते शेवटी सांगते. तोवर तुमचाही जाण्याचा विचार बदललेला असेल.

माझं पोट दुभाषेपणावर चालतं, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. इंग्रजीतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत. एप्रिलमध्ये एका संस्थेचा फोन आला. वेगवेगळ्या देशांच्या सरकारी अधिकाऱ्यांचा एक गट अभ्यासदौऱ्यावर येणार होता. जगाने मिळून ठरवलेली ध्येयं खेड्यापर्यंत कशी पोचतात, हे त्यांना बघायचं होतं, आणि त्यांना दुभाषी हवी होती. मी लगेच हो म्हटलं. मानधन बरं होतं हे खरं, पण दुसरंही एक कारण होतं. या ध्येयांवरची पानंच्या पानं मी भाषांतरित केली आहेत. त्यातलं एखादं तरी ध्येय जमिनीवर उभं राहिलेलं बघावं, असं मला मनापासून वाटत होतं.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०१५ साली जगातली झाडून सगळी सरकारं न्यूयॉर्कला जमली आणि त्यांनी सतरा ध्येयं मान्य केली. गरिबी नको, भूक नको, प्रत्येकाला स्वच्छ पाणी, प्रत्येकाला धड काम, असं बरंच काही, आणि सगळं २०३० पर्यंत. 'कुणालाही मागे ठेवायचं नाही' हे त्यातलं मुख्य वचन. वचन मोडलं तर शिक्षा काही नाही. दर जुलैला काही देश आपण होऊन उभे राहतात आणि आपण काय काय केलं ते इतरांना सांगतात. तिथून ही ध्येयं दिल्लीला येतात, मग मुंबईला, मग जिल्हा परिषदेत, आणि शेवटी ग्रामपंचायतीच्या दारात. खेड्यांना सतरा झेपणार नाहीत म्हणून त्यांची नऊ केली आहेत. ग्रामसभेत हात वर होतात, त्यातलं एखादं निवडलं जातं आणि ठराव होतो. आमच्या दौऱ्याच्या गावाने 'जलसमृद्ध गाव' निवडलं होतं, पूर्णही केलं होतं, आणि त्याबद्दल बक्षीसही मिळवलं होतं. गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही त्या एकाच गावाला नावं ठेवाल आणि शेजारची सगळी सुटतील.

पहिली खेप पाहणीची. मी स्कूटर काढली. डांगे चौकातून चिंचवड, तिथून स्पाइन रोडने मोशी, आणि मग नाशिक हायवे. सकाळी लवकर निघालात तर रस्ता माणसांसारखा वागतो. शिफ्ट सुटायच्या वेळेला निघालात तर पुढच्या ट्रेलरच्या मागे काय लिहिलंय ते पाठ होईपर्यंत तिथेच उभे राहाल. मोशीला इंद्रायणीच्या पुलावर थांबू नका. नदी बघायची हौस असली तरी नाक साथ देत नाही. नाश्ता मात्र मोशीत करा. पुलाच्या अलीकडे एका टपरीवर झणझणीत मिसळ मिळते, दोघांनी पोटभर खाल्ली तरी खिशाला कळत नाही. पुढे चाकणच्या चौकात कांद्याचे ट्रक, गाड्यांचे सुटे भाग नेणारे कंटेनर आणि कंपन्यांच्या बसेस एकमेकांच्या अंगावर येतात. तिथून आत वळलं की आमचं गाव.

गाव देखणं होतं, खोटं कशाला बोलू. जमिनी कंपन्यांना गेल्या, त्या पैशांतून बंगले उभे राहिले, बंगल्यांपुढे गाड्या. कमानीजवळ पाण्याची नवी टाकी, टाकीवर ध्येयाचं निळं चित्र रंगवलेलं. सरपंच बाळासाहेब पन्नाशीचे, गोल चेहऱ्याचे, बोलायला मोकळे. त्यांनी मला घरोघरचे नळ दाखवले. एका म्हाताऱ्या आजींनी कौतुकाने तोटी उघडली आणि पाणी आलं, चांगलं जोरात आलं. मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं जे कागदावर वाचत होते ते माझ्या हातावर पडत होतं.

मग मी विचारलं की कमानीबाहेर त्या पत्र्याच्या खोल्या दिसतात, तिथे काय आहे. बाळासाहेब म्हणाले, भाडेकरू. कंपन्यांमधली कामगार माणसं, मराठवाड्यातली, खानदेशातली, काही बिहारची. खोल्या गावातल्याच लोकांनी बांधल्यात, चार त्यांच्याही आहेत. तिथे नळ आहेत का, असं मी विचारलं. खोटं बोलायचा त्यांचा विचार दिसला नाही.

"ताई, योजना मंजूर झाली तवा ह्या खोल्याच नव्हत्या. आमी तरी काय करनार? मोजदाद जुन्या गावाची झाली. ही मानसं आज हायेत, उद्या न्हाईत. त्यांची नावं गावच्या यादीत न्हाईत, मतदान तिकडं त्यांच्या गावाला. वरून इचारतात, तुमच्या गावात किती घरं, किती नळ? जेवढी घरं तेवढे नळ हायेत की."

त्यांचा हिशोब चोख होता. फक्त बेरजेच्या आधीच माणसं वगळली होती. गावापेक्षा ती वस्ती मोठी आहे हे मला तिथे उभ्या उभ्या दिसत होतं. दौऱ्याच्या नियमानुसार गावाबाहेरच्या एका तरी घरी पाहुण्यांना न्यायचं होतं, म्हणून मी त्या खोल्यांकडे चालू लागले.

तिथे मला मंदाताई भेटल्या. वय पस्तिशीचं, हिंगोलीकडच्या, पॅकिंगच्या एका लहानशा कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. नवरा लोखंड ठोकायच्या फोर्जिंग कारखान्यात, दोघांच्या शिफ्ट उलटसुलट. दोन मुलं जवळच्या शाळेत. दारात निळ्या ड्रमची रांग, प्रत्येकावर खडूने त्या त्या खोलीतल्या बाईचं नाव. मी विचारायचा अवकाश, त्या बोलायला लागल्या. टँकर येतो, पण कधी येईल ते टँकरवालाच जाणे. आला की जो घरी असेल त्याला पाणी. घरी कुणी नसलं की ड्रम रिकामा. म्हणून आठवड्यातून एकदा तरी खाडा करावा लागतो. ठेकेदाराने सांगून ठेवलं होतं की आता आणखी एक खाडा झाला तर यायचं नाही. एकट्या नवऱ्याच्या पगारात खोलीचं भाडं आणि पोरांची शाळा बसत नाही. काम सुटलं की हिंगोली, आणि हिंगोलीत काम असतं तर इथे आलोच कशाला असतो, असं त्या म्हणाल्या. सगळ्यात जास्त चीड त्यांना दारातल्या जमिनीची होती. गावाच्या योजनेचा पाइप त्यांच्या उंबऱ्यापासून दोन हातांवरून जमिनीखालून गेला होता.

"रात्री निवांत असलं की आवाज येतो पाण्याचा," त्या म्हणाल्या. "माझ्या दारातून जायलंय, मला एक तोटी द्यायला काय होतंय?"

मी त्यांना दौऱ्याचं सांगितलं. मोठ्या लोकांपुढे हे असंच बोलाल का, म्हणून विचारलं. त्या दिवशी कामावर जाता येणार नाही, हेही सांगितलं. त्यांनी बोटांवर खाडे मोजले. मग म्हणाल्या, "एक खाडा गेला तर जाऊ द्या. तोटी आली तर जन्माचं सुटंल." मी त्यांना म्हटलं की मी तिथेच असेन, तुमचा शब्द न् शब्द त्यांच्यापर्यंत पोचवेन. हे वाक्य लक्षात ठेवा.

घरी येऊन बाबांना हे सगळं सांगितलं. बाबा आकुर्डीच्या दुचाकीच्या कारखान्यात आयुष्यभर राबले, आता गॅलरीत बसून वर्तमानपत्र वाचतात आणि माझ्या धंद्यावर टीका करतात. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "आपली माणसं पाण्यासाठी महाडला गेली तेव्हा तळं समोर दिसत होतं. कोण अडवतंय तेही दिसत होतं. हिने कुठल्या तळ्यावर जायचं?" मी म्हटलं, बाबा, या वेळी सगळ्या जगाची सरकारंच तिच्या दारात येणार आहेत. त्यांनी पेपर पुन्हा उघडला.

दुसरी खेप म्हणजे खरा दौरा. पाहुणे चिंचवडच्या हॉटेलात उतरले होते. सगळ्यांना एक पुस्तिका दिली होती, त्यात उन्हाची टोपी, मच्छरांचं मलम आणि 'फक्त सीलबंद बाटलीतलं पाणी प्यावं' ही सूचना ठळक अक्षरांत. गटाच्या प्रमुख लिटियाबाई पॅसिफिकमधल्या एका छोट्या बेटदेशाच्या नियोजन खात्यातल्या. जाडजूड, हसऱ्या, साठीच्या जवळपास. व्हॅनमध्ये त्या माझ्या शेजारी बसल्या आणि मोशीच्या पुलावर त्यांनी खिडकीची काच खाली केली. नदीवर पांढरा फेस होता. त्यांनी काच पुन्हा वर केली आणि कुणालाही काही विचारलं नाही. ही बाई अनुभवी आहे, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

गावाने हात राखला नव्हता. कमानीत औक्षण, सगळ्यांना फेटे, शाळेच्या मुलींचं लेझीम. जाड चष्म्याचे एक युरोपियन साहेब फेट्यात इतके खूश झाले की दिवसभर त्यांनी तो काढला नाही. ग्रामपंचायतीत सादरीकरण झालं, ठराव वाचून दाखवला, आजींनी पुन्हा तोटी उघडली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी भाषांतर करत होते आणि मनात एकच वाक्य घोळत होतं, माझ्या दारातून जायलंय. ते इंग्रजीत कसं म्हणायचं याचीही तयारी करून ठेवली होती.

मग आम्ही खोल्यांकडे निघालो आणि कोपऱ्यावर वळलो. ड्रम नव्हते. एकही नाही. प्रत्येक दारापुढे सडा घातला होता, ओल्या जमिनीवर रांगोळ्या, दाराला आंब्याची डहाळी. पत्रे पुसलेले, पोरांच्या केसांना तेल. ड्रम मागच्या एका रिकाम्या खोलीत कोंडून वरून कडी घातली होती, हे मला नंतर समजलं. बाळासाहेबांकडे बघितलं तर त्यांनाही नवल वाटत होतं. त्यांनी फक्त 'जरा आवरून घ्या' एवढाच निरोप धाडला होता. बाकी सगळं या बायकांनी आपण होऊन केलं होतं. घरी पाहुणे येणार म्हटल्यावर आपण काय करतो? पसारा आतल्या खोलीत ढकलतो आणि दार लावतो.

मंदाताई नवीकोरी साडी नेसून दारात उभ्या होत्या. बाळासाहेब पुढे झाले आणि पाहुण्यांना म्हणाले, "ह्या आमच्या गावच्या मंदाताई." आमच्या गावच्या. मी हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा मंदाताईंचा चेहरा असा उजळला की मला धास्तीच वाटली. इतक्या वर्षांत त्यांना त्या गावचं कुणी म्हटलं नव्हतं.

लिटियाबाईंनी विचारलं, घरात पाणी पुरेसं मिळतं का? मी मराठीत विचारलं.

"मिळतंय की. काई कमी नाही बघा," मंदाताई म्हणाल्या.

मला वाटलं त्या घाबरल्या. मी आवाज खाली आणून म्हटलं, मंदाताई, मागच्या वेळी मला सांगितलंत ते सांगा ना. त्या माझ्याकडे बघून ओळखीचं, खोडकर असं हसल्या, जणू आमच्या दोघींत काही ठरलंच होतं. मी पुन्हा म्हटलं, पाइपचं सांगा. बाळासाहेब शेजारीच उभे होते.

"ते असू द्या आता. त्यांला म्हणावं, आत या, पाणी प्या. उन्हातानाचं लांबून आलेत."

दुभाष्याचा एकच धर्म असतो. समोरचा जे बोलला नाही ते आपण बोलायचं नाही. पदरचा एक शब्द घातला तर त्या दिवसापासून आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मी म्हटलं, त्या तुम्हाला आत बोलावतायत, पाणी प्यायला.

स्टीलच्या ताटात स्टीलचे पेले, घासून लख्ख केलेले, काठोकाठ भरलेले. मागे दोरीवर एक पातळ पांढरं फडकं ओलं लटकत होतं. पाहुण्यांनी पेल्यांना हात लावला, हात जोडले, फार फार आभार मानले आणि पेले तसेच खाली ठेवले. पुस्तिकेत ठळक लिहिलेलं होतं. लिटियाबाईंनी पेला सगळ्यांत जास्त वेळ हातात धरला, ओठांजवळ नेला, आणि त्यांनीही ठेवला. संस्थेच्या फोटोग्राफरने ताट हातात धरलेल्या मंदाताईंचा फोटो काढला. ऊन छान होतं, पाणी चमकत होतं. मी एक पेला उचलून पिऊन टाकला, पण मी काही पाहुणी नव्हते.

परतीच्या वाटेवर चाकणच्या चौकात व्हॅन अडकली ती अडकलीच. मागे साहेब मंडळी फेट्यासकट डुलक्या घेत होती. मी खिडकीतून कांद्याच्या गोण्या बघत होते. लिटियाबाई हळूच म्हणाल्या की ते अंगण ओलं होतं. मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या की अंगणात पाणी दोनच कारणांनी ओततात, फार असलं की ओततात किंवा पाहुणे येणार असले की. मग तुम्ही पुढचा प्रश्न का विचारला नाही, असं मी विचारलं, आणि माझा आवाज जरा चढलाच.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, यजमान दाखवेल तेवढंच बघायचं, असं आमचं सगळ्यांचं आधीच ठरलेलं असतं. त्याशिवाय कुणी दार उघडणारच नाही. मागे एका जुलैत त्यांनी स्वतः त्यांच्या देशाचा अहवाल मांडला होता. समुद्राचं पाणी विहिरींत शिरलंय, बायका पावसाचं पाणी डब्यांत साठवतात, हे सगळं मसुद्यात होतं. वरच्यांनी ते नम्रपणे काढायला लावलं, कारण मदत देणारे देश समोर बसणार होते आणि घरचं गाऱ्हाणं त्यांच्या तोंडावर बरं दिसत नाही. कुणाच्या नजरेला ते आणायचं असेल तर आधी बाहेर, चहाच्या वेळी, तिसऱ्या माणसाकरवी कानावर घालायचं. सभेत फक्त गोड बोलायचं. त्यांनी गोड भाषण केलं. टाळ्या पडल्या. नंतर शेजारच्या देशाने गोड भाषण केलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आमचं बेट पाण्याखाली जाईल तेव्हाही कुणीतरी टाळ्या वाजवत असेल," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून गोळ्या काढून त्यांनी मला एक दिली. लिंबाची होती.

तिसरी खेप मी माझ्या पैशाने केली. रविवार होता. स्कूटर दुरुस्तीला टाकली होती, म्हणून बसने गेले. डांगे चौकातून भोसरी, भोसरीत बस बदलायची, तिथून चाकणच्या बस सतत असतात. तिकीट स्वस्त आहे, बसायला जागा मिळणं नशिबावर. गावात शिरायच्या आधीच निळे ड्रम दिसले, पुन्हा रांगेत, पुन्हा खडूची नावं. रांगोळ्या पुसल्या गेल्या होत्या.

मंदाताई घरी होत्या. रविवार म्हणून नाही, तर काम गेलं म्हणून. दौऱ्याचा खाडा शेवटचा ठरला होता. ठेकेदाराने गेटवरूनच परत पाठवलं. तरी मला बघून त्या हसल्या, आधी पाणी दिलं, मग चहा टाकला. मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत? एवढं सगळं पणाला लावून थांबला होतात.

त्या गोंधळल्या. त्यांना माझा प्रश्नच कळेना.

"बाई, तुम्ही सांगितलं नाही का त्यांला?"

मी म्हटलं, मी कसं सांगणार? तुम्ही सांगाल आणि मी पोचवेन असं ठरलं होतं ना.

मग त्यांनी मला समजावलं, शांतपणे, एखाद्या अडाणी मुलीला समजवावं तसं. लग्न जुळवताना मधला माणूस असतो. मुलीकडची अडचण, मुलाकडची अडचण, देणंघेणं, सगळं तो आधी दोन्हीकडे सांगून ठेवतो. मग पाहुणे घरी येतात तेव्हा कुणी त्यातलं काही काढतं का? पोहे द्यायचे, पाणी द्यायचं, चार गोड शब्द बोलायचे. आलेल्या माणसाच्या तोंडावर, आणि तेही सरपंचाला शेजारी उभं करून, गाऱ्हाणं सांगितलं तर जुळलेलं मोडतं. मला त्यांनी मधलं माणूस धरलं होतं. मागच्या खेपेला सगळं माझ्याकडे सोपवून त्या निर्धास्त झाल्या होत्या. मी त्यांना हळूच 'सांगा ना' म्हणाले, ते त्यांना पाहुण्यांसमोरचं लटकं वाटलं होतं. म्हणून त्या तशा हसल्या होत्या.

"मला वाटलं त्यांला सगळं ठावं हाय. म्हणूनच तर आलेत."

शब्द न् शब्द पोचवेन, असं मी म्हटलं होतं. माझ्या धंद्यात त्याचा अर्थ एक होतो आणि त्यांच्या घरात दुसरा, हे मला सुचलंसुद्धा नाही. न्यूयॉर्कपासून हिंगोलीपर्यंत सगळ्यांना ही मधल्या माणसाची रीत माहीत होती. मधली मी तेवढी कोरडी होते. मला त्या पत्र्याखाली बसून रडू आलं, आणि मंदाताईंनी मला आणखी एक कप चहा दिला, त्यांच्या मोजक्या पाण्यातला.

बाळासाहेबांकडेही गेले. ते वाईट वागले नाहीत. म्हणाले की खोल्यांसाठी तोटी द्यायची तर वरून नवी मंजुरी लागते, आणि मंजुरी मागायची तर गावात नळ कमी आहेत असं लिहून द्यावं लागतं. मग बक्षिसाचं काय? "जलसमृद्ध गाव पूर्न झालं म्हनून ठराव झालाय ताई. आता पूर्न झालेलं अपूर्न कसं करू?" त्यांनाही खरंच उत्तर हवं होतं. मी संस्थेला सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर फार सौजन्याचं आलं. तुमच्या भावनांची नोंद घेतली आहे, मात्र अहवाल भेटीदरम्यान सांगितल्या गेलेल्या गोष्टींवरच आधारित असतो.

मंदाताई शाळेला सुट्टी लागल्यावर मुलांना घेऊन हिंगोलीला गेल्या. नवरा इथेच राहिला, तीन-चार जणांत एक खोली करून. मुलांचे दाखले काढून नेले आहेत.

पावसाळा लागल्यावर अहवाल आला. मराठीत भाषांतर करायला माझ्याकडेच आला. नाकारावंसं वाटलं, पण दुसऱ्या कुणी केलं असतं तरी वाक्य तेच राहिलं असतं. 'गावाबाहेरील वस्तीतील रहिवाशांनीही पाण्याबाबत समाधान व्यक्त केले.' माझंच इंग्रजी मी मराठीत परत आणलं. त्याखाली पानभर फोटो होता, ताट धरलेल्या मंदाताई, मागे ओलं अंगण, रांगोळी. फोटोखाली लिहिलं होतं, 'शेवटच्या घरापर्यंत पाणी'. हा अहवाल दिल्लीला जाईल, मग आणखी वर जाईल, कुठल्यातरी जुलैत कुठल्यातरी पडद्यावर तो फोटो लागेल. लिटियाबाई तिथे असतील तर त्यांना अंगण ओळखू येईल. त्याही टाळ्या वाजवतील.

आता सुरुवातीचा प्रश्न. चाकणला बघण्यासारखं काय आहे? मला तरी आता काही दाखवता येत नाही. थेरगावच्या आमच्या घरात सकाळी नळाला पाणी येतं, आई भांडी भरते, आणि मी तोटीकडे बघत उभी राहते. पूर्वी प्रवासातून आले की काहीतरी घेऊन यायचे. या वेळी मी जे घेऊन आले ते कुठे ठेवावं कळत नाही.

मागच्या आठवड्यात मंदाताईंचा फोन आला. अहवालातला फोटो मी त्यांच्या नवऱ्याच्या मोबाइलवर पाठवला होता, तो त्याने गावाकडे पाठवला होता. मला वाटलं, आता त्या मला बोल लावतील, आणि मी ते ऐकून घ्यायला तयार होते. पण त्या फोटोवर खूश होत्या. साडी छान दिसतेय म्हणाल्या, सासूबाईंनाही आवडला म्हणाल्या. कामाचं विचारलं तर म्हणाल्या, बघायलोत.

"एक इचारू का बाई? त्या पाहुण्यांनी पाणी तसंच ठेवलं. काई दिसलं का वो त्यांला त्यात? मी दोनदा गाळलं होतं."